मेणात राहिलेली गंगू

१२ जानेवारी, सोमवार

फळा पुसला. लिहिलं काही नाही.

वाचनालय माझ्याकडे आल्याला सतरा वर्षं झाली. दर सोमवारी दारातल्या फळ्यावर 'हे वाचा' आणि खाली एका पुस्तकाचं नाव. आई गेली तो सोमवार सोडला तर खाडा नाही. लोक त्या नावावर विश्वास ठेवतात. कधीच न वाचणारेही ठेवतात, ही गंमत.

किसनभाऊ पेपर वाचायला आले. कोऱ्या फळ्यासमोर थांबले. "काऊन गा देवराव, खडू सरला का?"

"हो जी."

खडूचा डबा भरलेला होता.

संध्याकाळी रत्ना अंगणवाडीतून येताना डोकावली. "भाऊ, सध्या मोबाईलवर काय वाचून राह्यला तू? वहिनी म्हने, भात थंडा होते तरी उठत नाई."

म्हटलं, काही खास नाही. दिवसातलं दुसरं खोटं. आणि सख्ख्या बहिणीशी.


१३ जानेवारी

लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून उतरेल.

मोबाईलवर गोष्टींचं एक ॲप आहे. तिथे 'पळसफूल' या नावाने कोणी बाई लिहिते. गोष्टीचं नाव 'दार उघडल्यावर'. अकरा भाग झालेत, पुढे काही नाही. वर लिहिलं आहे : "लहानपणी पाहिलेल्या 'गंगू, दार उघड!' या नाटकाची ही पुढची गोष्ट. नाटककारांची क्षमा मागून."

ते नाटक आमच्या गावच्या बापूंनी लिहिलेलं. मला अक्षराची गोडी लावली ती बापूंनी. वडशाच्या नाटक कंपनीने ते नऊ हिवाळे केलं, आणि नऊही हिवाळे रंगमंचापुढच्या खड्ड्यात वही घेऊन मी बसलो. प्रॉम्प्टर. आमच्याकडे तालमी दोन-तीन होतात, बाकी सगळं खड्ड्यावर. गंगूचं प्रत्येक वाक्य तिच्याआधी माझ्या तोंडून गेलं आहे.

गंगूचा नवरा कोळशाच्या गावी जातो, तिथे दुसरं घर करतो. बारा वर्षांनी येऊन दारात उभा राहतो. गंगू दार उघडते, तांब्या आणते, त्याचे पाय धुते. पडदा. बाया पदराने डोळे पुसत उठायच्या.

पळसफूल दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून सुरू करते.

बापू जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या अंगणातली तुळस कोणी न विचारता उपटून नेली आणि आपल्या अंगणात लावली, असं वाटतं. आणि लागली आहे चांगली, हेही वाटतं.


१४ जानेवारी, संक्रांत

किसनभाऊंना श्रीहरीच्या काकांचा फोन आला होता. तिळगूळ घ्यायला आले तेव्हा ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. "महाशिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेले येऊन राह्यले ते. तिथून दुसऱ्या दिवशी इथी. श्रीहरी बी संगं आहे. रत्नाले नांदायले न्यायले."

श्रीहरी रत्नाचा नवरा. सात वर्षांपूर्वी मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिथेच एका बाईसोबत राहिला. रत्नाने दोन वर्षं वाट पाहिली, मग माझ्या घराला लागून एक खोली बांधली. दार वेगळं ठेवलं. मी म्हटलं, एकच दार पुरे की. तर म्हणाली, "तुह्या दारातून गेली तं मी पाहुनी. माह्या दारातून गेली तं मी रत्ना."

आता तिकडचं घर मोडलं म्हणे.

किसनभाऊ तिळगूळ चघळत म्हणाले, "आपली रत्ना म्हंजे गंगूच. गंगूनं केलं तसंच करन ती."

गावात कोणाच्या घरी असं झालं की हेच वाक्य येतं. आधी दोन घरी मी ते ऐकलं आहे. एकीने गंगूसारखं केलं, ती आता कोणाशी बोलत नाही.

रत्ना हसली नाही, रागावली नाही. तळहातावरचे तिळाचे दाणे एकेक वेचून खात राहिली. मग म्हणाली, "भाऊ म्हनन तसं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तांब्या उचलून पाणी प्यालो. तहान नव्हती.


१७ जानेवारी

धुकं. धानाच्या रिकाम्या बांधीत बगळे उभे, पाय दिसत नाहीत, नुसते अधांतरी. वाचनालय उघडून बसलो, कोणी आलं नाही. तळ्याकडे वाघीण आणि पिल्लं दिसली म्हणून वनखात्याने दवंडी दिली आहे. लोक ऊन आल्याशिवाय निघत नाहीत.

पळसफूलचे पहिले चार भाग पुन्हा वाचले.

चांगलं : गंगू तीन भाग एक शब्द बोलत नाही. चूल, भांडी, शेण, पाणी. नवरा झोपला आहे आणि ती त्याच्या टाचा बघते. "त्या भेगांत दुसऱ्या गावाची माती होती, आणि ती माती तिनेच काल आपल्या तांब्यातल्या पाण्याने भिजवली होती." हे वाचून मोबाईल पालथा ठेवला. धुक्यात बघत बसलो. असं वाक्य बापूंनाही सुचलं नसतं. खरं आहे.

वाईट : गंगू फार वेळा चक्कर येऊन पडते. चौथ्या भागात दोनदा. कोणाला दुःख झालं की वारा सुटतो. नवरा जरा जास्तच दुष्ट आहे, बापूंचा नव्हता; बापूंचा नुसता कमकुवत होता.

रत्नाला हे वाचायला द्यावं का?

प्रश्न एवढाच आहे. लिहून झाला.


१९ जानेवारी, सोमवार

फळ्यावर 'घरच्या घरी भाजीपाला' लिहिलं.

किसनभाऊ : "मांगच्या वर्सी बी हेच होतं गा."

म्हटलं, भाजीपाला दरवर्षी लागतो.


२२ जानेवारी

सहावा भाग. इथेच मी अडतो.

गंगू देवघरातला देव उचलते, बाहेर आणून ओसरीवर नवऱ्याच्या अंथरुणाशेजारी ठेवते. म्हणते, "बारा वर्षं तू आत होतास आणि काही केलं नाहीस. आता तूही बाहेर बस."

मी रोज पहाटे अंघोळ करून देवापुढे बसणारा माणूस. मागणं काही नसतं, बसतो. संध्याकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटले की खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं. वर कोणी तरी आहे, आपण खाली, मातीचा ओला वास. अशा माणसाने बहिणीच्या हातात हे द्यायचं?

पण आज पूजेला बसलो तर देवाकडे बघून पहिल्यांदा वाटलं, आत कोंदट आहे खरं.

क्षमा.


२५ जानेवारी

मंदाला सगळं सांगितलं. बायकोपासून लपवून किती दिवस काढणार. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, खडा बाजूला काढला.

"म्हंजे रत्नाले जा म्हनाचं का नको जाऊ म्हनाचं, ते तुमाले तोंडानं सांगता येत नाई. म्हनून गोष्ट देता."

"तसं नाही."

"तसंच आहे. अन् गोष्ट बी अर्धी. मंग तिचं काई वाकडं झालं तं म्हनाल, मी कुठी सांगतलं, त्या फुलानं सांगतलं."

सूप वाजत राहिलं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बापू असते तं त्यायनं काय सांगतलं असतं?"

आज झोप लागेलसं वाटत नाही.


२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदन. वाचनालय बंद. फळ्याचं निभावलं.


२८ जानेवारी

स्वप्न. मी खड्ड्यात आहे. वर गंगूचं काम करणाऱ्या कमलबाई, कपाळाला मोठं कुंकू, गंगूच्या निळ्या लुगड्यात. हातात रिकामा तांब्या. तोंड उघडलेलं आणि नजर खाली, माझ्याकडे. मी वही उलटतो, उलटतो, प्रत्येक पान कोरं. मागे सगळं गाव श्वास घेताना ऐकू येतं. मग वरून धुकं उतरतं आणि कमलबाईंचे पाय दिसेनासे होतात, बगळ्यांसारखे.

स्वप्न तेवढंच. पण बाकीचं खरं झालेलं आहे. इतक्या वर्षांत कुठेच लिहिलं नाही, ते आता लिहितो.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. तिसऱ्या प्रयोगात जनरेटर बंद पडला. मी खड्ड्यात मेणबत्ती लावून वही वाचली. मेण वहीवर सांडत होतं, तिकडे लक्ष कोणाचं. चौथा प्रयोग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरणाऱ्या एका गावी. गंगूने पाय धुतले. मी पान उलटलं. पुढच्या पानावर वर एकच शब्द : पडदा.

कमलबाई तांब्या घेऊन उभ्या. तोंड उघडलं होतं. वाक्य यायची वाट बघत होत्या. मी खालून म्हटलं, "पडदा." दोरीवाल्याने ऐकलं. पडदा पडला.

आणि सगळं मैदान रडायला लागलं.

दोन पानं मेणाने एकमेकांना चिकटली होती. मधे गंगूचं शेवटचं बोलणं होतं. काय होतं ते तेव्हाही पाठ नव्हतं, आता तर नाहीच. बोलणं होतं एवढं नक्की. कमलबाईंनी आत येऊन विचारलं, "देवराव, माहं बोलनं कुठी गेलं जी?" मी म्हटलं, मालकांनी काढलं. मालकांना वाटलं, मीच हुशारीने काढलं. त्यांनी सगळ्यांसमोर मला नारळ दिला. "हा पोरगा लोकायची नाडी जानते." मी नारळ घेतला.

तिथून नवव्या हिवाळ्यापर्यंत गंगू बोलली नाही.

बापू एकदा मागे उभे राहून बघून गेले. चहा पिताना म्हणाले, "लोकायले आवडलं ना?" मी मान डोलावली. "मंग राहू दे." वही मागितली नाही. मागितली असती तर दिली असती, असं मी स्वतःला सांगत आलो.


३० जानेवारी

वही पेटीत तळाशी होती. बापूंच्या हातची. कडांना वाळवी लागली आहे, मधलं शाबूत. मेणाला वाळवी शिवत नाही असं दिसतं.

चिकटलेलं पान खिडकीशी धरलं. मेणाने कागद आरपार झाला आहे. अक्षरं दिसतात, पण उलटी आणि एकावर एक. पाण्याखाली बघावं तशी.

सोडवलं नाही. आधी अंघोळ करतो म्हटलं. मग जेवतो म्हटलं. मग उद्या.


३१ जानेवारी

मंदाने सोडवलं. मला बाजूला बसवलं, पानाच्या वर-खाली कोरा कागद घातला आणि कोमट इस्त्री फिरवली. मेण कागदात उतरत गेलं. खोलीभर देवळाचा वास.

हळूच सुटलं. एक शब्द फाटला, पण कळतो.

उतरवून ठेवतो.

"गंगू : पाय धुतले म्हणजे घरात घेतलं असं समजू नका. दारी आलेल्याचे पाय धुवायचे, ही या घराची रीत. बारा वर्षांत या दारी साधू आला, भिकारी आला, वाट चुकलेला आला. सगळ्यांना पाणी दिलं. तुम्हालाही दिलं. आज ओसरीवर निजा. तुम्ही बारा वर्षं घेतलीत. मला एक रात्र पाहिजे. सकाळी सांगते."

आणि मग पडदा.

मंदाने वाचलं. इस्त्रीची वायर गुंडाळत म्हणाली, "आन् आमी समजत होतो, पाय धुतले म्हंजे झालं."

आपल्याकडे कोण पाय धुवायला पाणी देत नाही? मीटरवाला आला तरी देतो. हे माझ्याही ध्यानात कधी आलं नाही. खड्ड्यात बसून नऊ हिवाळे मीही तेच समजलो, जे मैदान समजलं.


१ फेब्रुवारी

दिवसभर प्रार्थनेत असल्यासारखं. वैनगंगेवर गेलो होतो. वाळूत बसलो. पाणी कमी, मधेमधे बेटं, त्यावर ऊन. पलीकडच्या काठावर कोणी लुगडं वाळत घातलं होतं, निळं. बराच वेळ ती गंगूच वाटत राहिली. ऊन कललं तसं कोणी येऊन घडी करून घेऊन गेलं.

रत्नाला फक्त हे पान द्यावं, गोष्ट नको, असं ठरवलं. बापूंचं आहे, शुद्ध आहे, देव देवघरात आहे.

परत येईपर्यंत ठरवलेलं राहिलं नाही. पान एका रात्रीपुरतं आहे. "सकाळी सांगते." सकाळ बापूंनी लिहिली नाही. सकाळ पळसफूलने लिहिली, चक्कर, वारा, सगळ्यासकट.


३ फेब्रुवारी

पळसफूलला ॲपवर अभिप्राय लिहिला. आयुष्यातला पहिला. टाचांच्या वाक्याचं कौतुक केलं. सहाव्या भागातला देवाचा प्रसंग मला रुचला नाही हेही लिहिलं. मग मेणाची हकिगत, आणि ते पान अख्खं.

शेवटी विचारलं, तुम्ही नाटक कोणत्या गावी पाहिलं?

पाठवायचं बटण दाबायच्या आधी हात जोडले. मंदा हसली. "तिले दिसत नाई तिकडं."


५ फेब्रुवारी

उत्तर आलं. जिवतीकडे नर्स आहे म्हणे. रेंज टेकडीवर चढल्यावर येते, म्हणून उशीर.

तिचं पत्र मोबाईलवरून जसंच्या तसं :

"काका, माझं आजोळ ते शंकरपटाचं गाव. मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलं. सहा वर्षांची होते. बाकी नाटक आठवत नाही. एवढंच आठवतं की गंगूनं बोलायला तोंड उघडलं, खाली पाहिलं, आणि पडदा पडला. मला वाटलं, तिला कोणी बोलू दिलं नाही. घरी येईपर्यंत रडत होते. बाबा म्हणाले, अगं नाटक गोड झालं. मी म्हटलं, तिचं बोलायचं राहिलं. तेच इतकी वर्षं डोक्यात आहे. आणि आता तुम्ही म्हणता ती बोलली होती? मग मी अकरा भाग काऊन लिहिले?"

खाली आणखी एक ओळ. "देव ओसरीवर बसवला तेव्हा मी पण घाबरले होते. पण खोडलं नाही."

त्या गावी आमचा एकच प्रयोग झाला. तोच.

सगळं मैदान रडत होतं आणि एक पोर वेगळं रडत होतं. मला ते ऐकू आलं असतं का? पाठ होती त्यांच्याकडे.

बारावा भाग कधी, असं विचारलं. ती म्हणते, "गंगू काय करेल, मलाच माहीत नाही. म्हणून तर थांबले."


९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी फळा पुसला. ओल्या फडक्याने, दोनदा. लिहिलं :

हे वाचा
'दार उघडल्यावर', लेखिका पळसफूल
मोबाईलवर आहे. अपूर्ण आहे.
मला सगळं पटलं नाही. तरी वाचा.

खडू खाली ठेवला. मग उचलला आणि खाली लिहिलं :

गंगू शेवटी बोलली होती. पान माझ्याकडून चिकटलं. चूक नटांची नाही, माझी. पान आत टेबलावर आहे.

बाहेर उभं राहवलं नाही. आत जाऊन रजिस्टर उघडून बसलो, काही न लिहिता.

किसनभाऊ पहिले. फळा वाचला, आत आले, चष्मा पुसून पान वाचलं. दोनदा वाचलं.

"म्हंजे इतके वर्स आमी अर्धंच पाहून रडलो का गा?"

"हो जी."

"अन् तुले नारळ भेटला होता, मले याद आहे."

"भेटला होता."

उठताना म्हणाले, "पान सापडलं तं सापडलं. माह्या डोक्यातला पडदा तिथीच पडला आहे. तो आता कोन उचलन?" दारातून वळले. "अन् श्रीहरी येऊन राह्यला तवाच तुले हे पान सापडलं? लोकं म्हनतीन, भाऊच बहिनीचं घर मोडून राह्यला."

रागाने नाही म्हणाले. काळजीने म्हणाले. ते जास्त लागलं.


१० फेब्रुवारी

रत्ना स्वतःच आली. फळा तिने कालच वाचला असणार. पान हातात घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि जिथलं तिथे ठेवलं.

"मोबाईल दे. माह्या फोनमंधी जागा नाई."

देताना मी सांगू लागलो. सहाव्या भागात देवाचं आहे ते मनाला लावून घेऊ नको, चौथ्यात जरा रडारड...

"भाऊ, तू नावं ठेवलीस तेवढं आधी वाचते. मंग बाकीचं."


१२ फेब्रुवारी

मोबाईल परत. रत्ना उंबऱ्यावर बसली, पाय अंगणात.

"तुही पळसफूल गंगूले लई रडवते. बाई एवढी नाई रडत. रडाले येळ कुठी भेटते?"

"आणि?"

"अन् तो नवरा तिनं राक्षस केला. राक्षस राह्यला असता तं सोपं होतं."

मी बगळ्यांकडे बघत होतो. 

"देवाचं?" मी विचारलं.

"ते चांगलं आहे." पहिल्यांदा हसली. "देवघरात बसून त्याले काय दिसते? धूर. ओसरीवर कोन आलं, कोन गेलं, ते तं दिसन."

इतकी वर्षं मी देवापुढे बसतो, रत्ना देवाशेजारी बसते असं वाटलं.

मग विचारलं, जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. "तू काय करशील?"

"तू फळ्यावर लिहिलं ना, सगळं पटलं नाई, तरी वाचा. तसंच आहे माहं. वाचून राह्यली."


१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. शंकराच्या देवळात गेलो, बेल वाहिला. तिकडे मार्कंड्याला ते लोकही आता रांगेत असतील. श्रीहरीही हात जोडून उभा असेल. एकाच देवाला दोघं काय काय सांगत असू.

मी काही मागितलं नाही. मागायला तोंड उघडलं होतं. वाक्य आलं नाही.

घरी आलो तर रत्ना आपली ओसरी सारवत होती. नवीन काही नाही, दर सणाला सारवते.

पळस फुलू लागला आहे. एकच फांदी, तळ्याच्या बाजूची.


१६ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात बसून लिहितो आहे. दुपार. गल्लीच्या पलीकडे आमचं घर, दोन्ही दारं इथून दिसतात.

अकराच्या सुमारास आले. काका, श्रीहरी, आणि वाटेत जोडले गेलेले किसनभाऊ. श्रीहरी वाळला आहे. मला वाकून नमस्कार केला. त्याच्या पाठीवर हात ठेवला. न ठेवणं जमलं नाही.

पिशवीतून मार्कंड्याचा प्रसाद काढून त्याने रत्नापुढे धरला. तिने घेतला, कपाळाला लावला. मग पाण्याच्या गुंडातून तांब्या भरला. तो ओसरीच्या कडेला बसला, पाय पुढे केले. तिने पाणी घातलं. टाचांना भेगा होत्या.

मी दुसरीकडे बघितलं, तर किसनभाऊ डोळे पुसत होते. "झालं," ते हळूच म्हणाले. "आपली गंगू."

रत्ना सरळ उभी राहिली. हातात रिकामा तांब्या. तोंड उघडलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखतो.

सगळे थांबले होते. काका, श्रीहरी, दारात मंदा. ओठांपर्यंत काय काय आलं. बापूंचं पान मला आता पाठ आहे. पळसफूलची वाक्यं पाठ आहेत. माझं स्वतःचंही एक होतं, जे या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

मी ओठ मिटून घेतले. हात आपोआप जोडले गेले.

मग रत्नाने माझ्यावरची नजर काढली. तांब्या खाली ठेवला, पदर खोचला.

"बसा," श्रीहरीला म्हणाली. "मले बोलायचं आहे. लांब आहे."

काकांनी घड्याळ पाहिलं. किसनभाऊ म्हणाले, "बाई, पयले जेवन..."

"भात शिजून राह्यला, किसनभाऊ. तवरक आयका."

मी उठलो आणि इकडे आलो. तिथे माझं काम नव्हतं.

फळ्यावर मागच्या सोमवारचंच आहे. पुसायला फडकं ओलं केलं होतं, ते तसंच हातात वाळलं.

तिचा आवाज इथपर्यंत येतो आहे. शब्द येत नाहीत. मधे एकदा श्रीहरीचा आला, थोडासा. मग पुन्हा तिचा. भाताचा वास येऊन गेला, मंदा ताटं मांडायला गेली आणि तशीच दारात उभी राहिली.

अजून बोलते आहे.